तलाव उघडला, पुढे काय?

जे सर्वांचे असते ते कोणाचेच नसते, असे आपण सार्वजनिक मालमत्तेविषयी हताशपणे म्हणत असतो. गेल्या काही दशकांत ब्रिटनमधील निरनिराळ्या गावांतील नागरिकांनी हे विधान खोटे ठरविण्याचा प्रयत्न केला आहे. ओस पडलेले वा बंद पडू घातलेले खुले सार्वजनिक जलतरण तलाव त्यांनी श्रमदानाने, लोकवर्गणीने आणि चिकाटीने वाचविले. या प्रयत्नांचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे. तथापि केवळ कौतुक करून थांबणे आम्हांस उचित वाटत नाही. या तलावांच्या कहाणीत यशाबरोबर एक इशाराही दडलेला आहे.

प्रथम पार्श्वभूमी ध्यानात घेऊ. १९३० च्या दशकात ब्रिटनमधील नगरपालिकांनी समुद्रकिनारी व शहरांतील उद्यानांत मोठ्या संख्येने खुले तलाव बांधले. सामान्य कामगाराच्या कुटुंबाला अल्प खर्चात ऊन, पाणी व विरंगुळा मिळावा, ही त्यामागील दृष्टी होती. पुढे स्वस्त विमानप्रवासामुळे लोक सुट्टीसाठी स्पेनसारख्या उबदार देशांत जाऊ लागले, बंदिस्त व गरम पाण्याचे तलाव गावोगावी झाले, आणि वर्षातून जेमतेम चार-पाच महिने चालणाऱ्या जुन्या तलावांचा खर्च पालिकांना जड वाटू लागला. एकामागून एक तलावांना टाळे लागले. काही बुजविले गेले, काहींत झाडेझुडपे माजली.

बाथ शहरातील एव्हन नदीकाठचे क्लीव्हलँड पूल्स तर याहूनही जुने. १८०१ च्या एका कायद्याने तेथे नदीत उघड्याने आंघोळ करण्यास मनाई झाली. त्यानंतर १८१५ मध्ये हा तलाव बांधण्यात आला. आज टिकून असलेल्या ब्रिटनमधील खुल्या सार्वजनिक तलावांत तो सर्वांत जुना मानला जातो. १९८४ मध्ये तो बंद झाला आणि जागा विकली जाण्याची चिन्हे दिसू लागली. तेव्हा नागरिक पुढे सरसावले. २००४ मध्ये त्यांनी न्यास स्थापन केला. झुडपे तोडणे, भिंतींची डागडुजी, इतिहासाची कागदपत्रे जमविणे, निधीसाठी अर्जांमागून अर्ज करणे, असे हे काम जवळजवळ वीस वर्षे चालले. तलावापर्यंत मोठी वाहने नेणारा रस्ता नसल्याने बांधकामाचे साहित्य नदीतून तराफ्यांवरून आणावे लागले. राष्ट्रीय लॉटरीच्या वारसा निधीचे मोठे साहाय्य मिळाले. एकूण सुमारे ९३ लाख पौंड खर्च झाला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये लोक पुन्हा त्या पाण्यात उतरले.

परंतु चार महिनेही लोटले नाहीत तोच जानेवारी २०२४ मधील वादळी पावसाने एव्हन नदीला पूर आला. पाणी तलावाच्या यंत्रणेत शिरले, यंत्रांची हानी झाली आणि दारे पुन्हा बंद झाली. २०२४ चा उन्हाळा पोहणाऱ्यांविनाच गेला. वीस वर्षांच्या परिश्रमांची ही परिणती पाहून मन विषण्ण होते. मात्र दोष केवळ पुराला देऊन भागणार नाही. जीर्णोद्धारासाठी देणगी मिळते, कारण त्यात उद्घाटन असते, छायाचित्र असते, कोनशिला असते. गाळणीयंत्राची दुरुस्ती, विम्याचा हप्ता, विजेचे देयक व जीवरक्षकाचे वेतन यांसाठी मात्र कोणी कोनशिला बसवीत नाही. बांधकामाचा खर्च एकदाच होतो, देखभालीचा दरवर्षी येतो. श्रमदान पहिल्या खर्चाचा भार हलका करू शकते. दुसऱ्या खर्चाला कायमची तरतूदच लागते.

याच दृष्टीने अन्य दोन तलावांकडे पाहणे उद्बोधक ठरेल. स्कॉटलंडमधील स्टोनहेवन येथे १९३४ मध्ये सुरू झालेला, गाळून गरम केलेल्या समुद्राच्या पाण्याचा ५० मीटर लांबीचा तलाव आहे. १९९० च्या दशकात तोही बंद होण्याच्या मार्गावर होता. नागरिकांनी ‘मित्रमंडळ’ स्थापन केले. तथापि त्यांनी तलाव पालिकेकडून काढून घेतला नाही. मालकी व दैनंदिन संचालन पालिकेकडे राहिले. स्वयंसेवकांनी रंगरंगोटी, किरकोळ दुरुस्ती, प्रचार व निधिसंकलन ही कामे उचलली. जबाबदारीची ही वाटणी तलावाला तारून गेली.

कॉर्नवॉलमधील पेन्झान्स येथील ज्युबिली पूल १९३५ चा. फेब्रुवारी २०१४ च्या समुद्री वादळाने त्याची मोठी पडझड झाली. दुरुस्तीनंतर २०१६ मध्ये तो पुन्हा उघडला. तेथे लोकांनी वेगळी वाट धरली. त्यांनी सहकारी पद्धतीची संस्था काढली आणि हजाराहून अधिक जणांनी तिचे भाग विकत घेऊन संचालन हाती घेतले. एवढ्यावर न थांबता त्यांनी ४१० मीटर खोल विंधन विहीर खोदून भूगर्भातील उष्णतेचा उपयोग केला. तलावाचा एक भाग या उष्णतेने तापविण्याची सोय २०२० मध्ये सुरू झाली. हेतू हा की थंडीच्या महिन्यांतही लोक यावेत आणि उन्हाळ्यापुरते मर्यादित असलेले उत्पन्न वर्षभर मिळावे. दुरुस्ती करतानाच उद्याच्या खर्चाचा विचार करणे, यातच खरे शहाणपण आहे.

येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. इंग्लंडमध्ये जलतरण तलाव चालविणे हे पालिकांचे कायद्याने बंधनकारक कर्तव्य नाही. २०१० नंतर केंद्र सरकारने पालिकांच्या अनुदानात मोठी कपात केली, तेव्हा अशा ऐच्छिक सेवांवर कुऱ्हाड चालविणे त्यांना सोपे वाटले. मग ‘लोकांनीच पुढे यावे’ हे आवाहन किती निर्मळ मानायचे? ज्या गावात निवृत्त अभियंते, वकील, हिशेबनीस व वेळ असलेली माणसे आहेत, तेथे न्यास उभा राहतो, अर्ज मंजूर होतात. जेथे माणसे दोन-दोन पाळ्यांत राबतात, तेथील तलाव मात्र मुकाट्याने बुजविला जातो. वस्तुतः स्वस्त करमणुकीची सर्वाधिक गरज त्यांच्याच लेकरांना असते. स्वयंसेवा हा शासनाचा पूरक हात आहे. शासनाने हात झटकण्याची ती सबब होऊ नये. तसेच लोकांनी वाचविलेल्या तलावाचे प्रवेशशुल्क गरिबाला परवडेनासे झाले, तर तो वाचला खरा, पण सार्वजनिक उरला नाही, असेच म्हणावे लागेल.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे म्हणून सोडून देता येणार नाही. आमच्या वसईकर वाचकांना आपली बावखले आठवली असतील. बावखल म्हणजे जलतरण तलाव नव्हे. पावसाचे पाणी साठविणारे, आसपासच्या विहिरींना पाझर देणारे आणि वाड्यांना जगविणारे ते जलाशय. परंतु त्यांच्या वाट्यालाही तशीच उपेक्षा आली. कित्येक भरावाखाली गेली, कित्येक कचऱ्याने भरली. अलीकडच्या वर्षांत काही ठिकाणी तरुणांनी श्रमदानाने गाळ व जलपर्णी काढून बावखले स्वच्छ केली, ही समाधानाची बाब होय.

म्हणूनच ज्यांनी असे काम हाती घेतले आहे वा घेऊ पाहत आहेत, त्यांनी फावडे उचलण्यापूर्वीच तीन प्रश्नांची उत्तरे लेखी स्वरूपात मिळवावीत, असे आम्ही सुचवू इच्छितो. जागेची मालकी कोणाची व तिचा वापर कोणत्या अटींवर? दरवर्षीच्या देखभालीचा खर्च कोण आणि कोठून करणार? पूर वा अन्य आपत्ती आल्यास जबाबदारी कोणाची? बाथच्या नागरिकांच्या निष्ठेत उणेपणा नव्हता. वीस वर्षे टिकलेली निष्ठा कोणालाही नतमस्तक करील. परंतु निष्ठेला व्यवस्थेची जोड हवी. एका रविवारी शंभर माणसे गाळ काढतात. पुढच्या पावसाळ्यात जलपर्णी पुन्हा उगवते, तेव्हा तेथे चार माणसे आणि पालिकेच्या अंदाजपत्रकात एक ओळ असणे अत्यावश्यक आहे.