धर्म सोडणाऱ्याची श्रद्धा

धर्म सोडणाऱ्या माणसाकडे समाज सामान्यतः दोनच दृष्टींनी पाहतो. ज्यांना तो सोडून गेला त्यांच्या लेखी तो बुडाला. ज्यांच्याकडे तो आला त्यांच्या लेखी तो तरला. जुन्या घरातून निघालेला हा माणूस नव्या घराच्या सगळ्याच खोल्यांत पाऊल टाकील असे नाही, कदाचित तो ओसरीवरच राहणे पसंत करील, ही शक्यता दोन्ही पक्षांना मानवत नाही. मुंबई उच्च न्यायालयापुढे २०१४ साली आलेले एक प्रकरण या संदर्भात बोलके होते. आपली येशू ख्रिस्तावर श्रद्धा आहे, परंतु आपण ख्रिस्ती वा अन्य कोणत्याही धर्माचे नाही, अशी नोंद राजपत्रात व्हावी ही काही अर्जदारांची मागणी शासकीय मुद्रणालयाने नाकारली होती. ‘मला कोणताच धर्म नाही’ असे म्हणण्याचा अधिकार राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदातील सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात अंतर्भूत आहे आणि धर्म जाहीर करण्याची सक्ती शासनाला करता येणार नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. २०११च्या जनगणनेत धर्म न सांगितलेल्यांची संख्या सुमारे २८ लाख ७० हजार होती. त्यांतील किती जण विचारपूर्वक गप्प राहिले हे आकड्यांवरून कळत नाही. पण रकान्यात न मावणारी माणसे या देशात आहेत, एवढे त्यावरून दिसते.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. पंडिता रमाबाईंच्या रूपाने तो एकोणिसाव्या शतकातच त्याच्यापुढे उभा राहिला होता, आणि त्या वेळी महाराष्ट्राने तो नीट समजून घेतला असे म्हणता येत नाही.

रमाबाईंनी सोडलेला धर्म पुस्तकात वाचलेला नव्हता. तो त्यांनी पायी चालून पाहिला होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे बायकोला संस्कृत शिकविण्याइतके बंडखोर आणि आचारधर्मात तितकेच कडवे. तीर्थे, व्रते, दाने यांत घरचे द्रव्य संपले, दुष्काळ आला आणि आईवडील व बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. देवांनी हाक ऐकली नाही, या अनुभवाचा ओरखडा रमाबाईंच्या मनावर कायम राहिला. १८७८ साली त्या कलकत्त्याला पोचल्या. तेथील पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. परंतु स्त्रीने वेद वाचू नयेत या समजुतीतून बाहेर यायला त्यांना केशवचंद्र सेन यांनी हाती ठेवलेली वेदांची प्रत लागली. १८८० साली त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. त्या काळच्या १८७२च्या कायद्याप्रमाणे अशा वधूवरांना आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती इत्यादी कोणत्याही धर्माचे नाही असे लिहून द्यावे लागे. आपण काय मानत नाही एवढेच सरकारने विचारले होते. काय मानतो हे विचारण्याची सोयच त्या कायद्यात नव्हती. तो प्रश्न रमाबाई पुढे आयुष्यभर स्वतःलाच विचारीत राहिल्या.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुण्यात गहजब झाला. या गहजबात वाँटेजला काय घडत होते ते कोणाच्या लक्षात आले नाही. ज्या भगिनीसंघाने त्यांना आसरा दिला त्याच्याशीच त्यांचा वाद जुंपला होता. त्रैक्याचा सिद्धान्त, येशूचे देवत्व, धर्मगुरूंचा अधिकार यांतील एकही गोष्ट त्या निमूटपणे स्वीकारायला तयार नव्हत्या. जे बायबलमध्ये आपल्या डोळ्यांना सापडणार नाही ते आवश्यक मत म्हणून मानणार नाही आणि भारतातील पुरोहितांच्या जोखडातून महत्प्रयासाने मोकळे झाल्यावर दुसऱ्या पुरोहितांचे तसलेच जोखड मानेवर घेणार नाही, असे त्यांनी सिस्टर जेराल्डीन यांना स्वच्छ कळविले. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे असा विचार निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. हजारो पुरुषांच्या सभांतून भारतभर बोलत आलेल्या या विदुषीला ही हरकत किती विलक्षण वाटली असेल! गंमत अशी की, भारतातील सनातनी आणि इंग्लंडातील बिशप या एका बाबतीत एकमताचे निघाले.

आणखी एक गोष्ट भगिनींना खुपत होती. रमाबाई शाकाहारी राहिल्या; अंडे घातलेले पक्वान्नही त्यांना चालेना. भगिनींना त्यात जातीचा अभिमान दिसला. आजही असाच निष्कर्ष काढला जातो. धर्म सोडलेला माणूस उपवास करतो, लग्न झालेली मुलगी आईच्या घरचा सण पाळते, की लगेच ‘मग सोडले ते काय?’ असा प्रश्न येतो. परंतु सक्तीचा नियम आणि अंगवळणी पडलेली आवड यांत फरक आहे, आणि तो फरक करण्याचा हक्क ज्याने नियम झुगारला त्यालाच आहे. हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित केला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली तो प्रसिद्ध केला. स्वतः धर्मश्रद्धा न मानणाऱ्या संपादकाने एका श्रद्धावान बाईचे हे धन जतन करावे, हे महाराष्ट्राला भूषणावह आहे.

अशी श्रद्धा म्हणजे सोयीचा धर्म, असा एक आक्षेप घेतला जातो. हवे ते घ्यावे, अवघड ते टाकावे. मग शिस्त कोठे राहिली आणि समाज कशाने बांधला जाणार? आक्षेप पोकळ नाही. पण रमाबाईंच्या श्रद्धेने त्यांची कोणती सोय पाहिली? पुण्यातला मान गेला, वाँटेजच्या उपकारकर्त्या दुखावल्या. १९१७ साली अमेरिकन मिशनची नोकरी सोडून रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ‘देवाचा दरबार’ मांडला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्वांना त्यात जागा दिली, तेव्हा त्यांच्याही पदरात निवृत्तीचे सुख पडले नाही. बोहरा समाजातील धर्मगुरूंच्या सत्तेविरुद्ध उभे राहिलेले असगर अली इंजिनिअर यांनी बहिष्कार सोसला आणि २०१३ साली मृत्यू येईपर्यंत इस्लामवरची श्रद्धा सोडली नाही. सोय पाहणारा माणूस बहुधा असतो तेथेच राहतो.

खरा अवघड प्रश्न निराळाच आहे, आणि तोही रमाबाईंच्याच चरित्रात आहे. त्यांनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणाची ही संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे आश्वासन होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. पुढे काही मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे दिसू लागला, ‘केसरी’ने झोड उठविली आणि १८९३ साली न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंचे म्हणणे, मी कोणाला बोलावीत नाही, पण येणारीला हाकलणारही नाही. त्यात प्रामाणिकपणा होता यात शंका नाही. तथापि ज्या मुलींना अन्न, वस्त्र आणि आसरा एकाच हातातून मिळत होता, त्यांच्या लेखी ते उघडे दार केवळ उघडे दार नव्हते. वाँटेजला ज्या दडपणाचा रमाबाईंना जाच झाला, ते न बोलता येणारे दडपण आपल्याभोवतीही असू शकते, हे त्यांनी ओळखायला हवे होते. म्हणून रानड्यांना केवळ लोकापवादाला भ्यालेले ठरविणे अन्यायाचे होईल. मात्र केसरीकारांच्या टीकेत मुलींच्या स्वातंत्र्याची काळजी किती आणि त्या हातच्या गेल्याचा राग किती, हेही विचारलेच पाहिजे. त्या मुलींपैकी कोणाला काय वाटले, याची चौकशी कोणत्याही पक्षाने फारशी केलेली दिसत नाही.

हीच उणीव अद्याप भरून निघालेली नाही. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली कायदा केला. तो जातपंचायतीला दंड करू शकतो, जेवणाच्या पंगतीत मुलीचे पान मांडू शकत नाही. विशेष विवाह कायद्याने १९५४ सालीच धर्मनकाराची अट काढून टाकली, परंतु तीस दिवसांच्या जाहीर सूचनेची तरतूद ठेवली, आणि नातेवाइकांनी अडथळा आणायला तेवढे दिवस पुरतात. घराबाहेर पडलेल्या तरुणाला आसरा देणाऱ्या संस्था आहेत, पण त्यांतील अनेकींच्या आसऱ्याला नव्या श्रद्धेची किंवा नव्या अश्रद्धेची अपेक्षा चिकटलेली असते. बुद्धिवादी मंडळीही याला अपवाद नाहीत. धर्म सोडून आलेल्याने देवघरातला एखादा टाक जवळ ठेवला तर त्यांच्याही कपाळाला आठी पडते.

रमाबाईंनी अखेरची वर्षे केडगावच्या मुक्तिसदनात बायबलच्या मराठी भाषांतरात घालविली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आधीच्या भाषांतरातील संस्कृतप्रचुर भाषा त्यांनी टाकली, कारण ती साध्या बायकांना कळत नाही आणि तीतल्या शब्दांबरोबर जुन्या कल्पना आत येतात, असे त्यांना वाटे. चाळीस वर्षांपूर्वी सिस्टर जेराल्डीनना लिहिलेला हट्ट, की जे काही आहे ते माझ्या डोळ्यांनी वाचीन, त्यांनी असा निभावला. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. संपूर्ण भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले.