चांदण्यातली भट्टी

चांदणे म्हटले की आपल्याला कोजागिरी आठवते, गच्ची आठवते आणि केशर घातलेले आटीव दूध आठवते. अमेरिकेतल्या टेनेसीच्या डोंगरी माणसाला मात्र दारू आठवते! सरकारच्या नजरेआड, चंद्राच्या उजेडात गाळायची म्हणून ती 'मूनशाइन'. आपण तिला रोखठोक 'हातभट्टीची' म्हणून मोकळे होतो.

भाच्याच्या आग्रहाखातर आम्ही गॅटलिनबर्गला गेलो. ग्रेट स्मोकी पर्वताच्या पायथ्याचे हे गाव म्हणजे महाबळेश्वरच्या बाजारपेठेचे थोरले भावंड. तिथे 'ओल स्मोकी' नावाची रीतसर परवान्याची भट्टी २०१० साली सुरू झाली. मक्याचा भरडा आणि साखर आंबवायची, तांब्याच्या हंड्यात तापवायची. मद्यार्क ७८ अंशांवर, म्हणजे पाण्याच्या आधी उकळतो. त्याची वाफ गार पाण्यातल्या वेटोळ्या नळीतून थेंबथेंब उतरते आणि लोणच्यासारखी काचेच्या बरणीत भरली जाते. सफरचंदाच्या चवीचीसुद्धा मिळते. बाहेर बँजो वाजत असतो आणि मंडळी सहकुटुंब आलेली असतात. सौभाग्यवतींनी रिकामी बरणी मिळेल का, एवढेच विचारले.

या बरणीमागे मोठा इतिहास आहे. डोंगरातून मका वाहून नेण्यापेक्षा त्याची दारू करून नेणे शेतकऱ्याला परवडे. १७९१ साली तिच्यावर कर बसला, तेव्हा पेनसिल्व्हेनियातले शेतकरी बिथरले आणि १७९४ साली खुद्द वॉशिंग्टन सैन्य घेऊन निघाले. पुढे १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी झाली. भट्ट्या काही विझल्या नाहीत!

या डोंगरांतला नामांकित गाळणारा पॉपकॉर्न सटन. बेकायदा दारू गाळल्याबद्दल आणि शस्त्र बाळगल्याबद्दल त्याला दीड वर्षाची शिक्षा झाली. तुरुंगात हजर होण्याऐवजी मार्च २००९ मध्ये त्याने आपले जीवन संपवले. त्याच वर्षी टेनेसीने कायदा बदलला. तोवर तीनच परगण्यांत भट्टीला मुभा होती, ती आता अनेक ठिकाणी मिळाली. लवकरच सटनच्या नावाची दारूही दुकानात आली.

कायद्याची बाजू खोटी नव्हे. मोटारीच्या जुन्या रेडिएटरमधून गाळलेल्या दारूत शिसे उतरे. आपल्या मुंबईत मालवणीला २०१५ साली विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. तपासणी हवीच. पण वाचकहो, तीच तपासणी आणि तोच परवाना डोंगरातल्या म्हाताऱ्याला वेळेवर का देता येऊ नये? त्याची विद्या चालते, नाव चालते, चित्रही चालते. माणूस तेवढा चालत नाही. मोहाची फुले वेचणाऱ्या आपल्या आदिवासींविषयी कायदे करणाऱ्यांनी हा हिशेब आधीच मांडून ठेवलेला बरा.