बोरिंग हेड: आधी हाताने एक फेरा
बोरिंग हेड हे मिलिंग मशीनच्या स्पिंडलमध्ये बसणारे साधन. त्यातले टूल मध्यापासून हवे तेवढे बाजूला सरकवता येते. नांदगावसारख्या शेतीच्या तालुक्यात पंपाच्या बिडाच्या बॉडीतली बेअरिंगची बैठक झिजली, तर ती मोठी करून बुश बसवायला ते कामी येते. हेडचा ड्रॉबार पक्का आवळावा, जॉब क्लॅम्पने घट्ट बांधावा, टूल गरजेपुरतेच बाहेर ठेवावे. टूल ०.०५ मिलिमीटर सरकले की भोकाचा व्यास ०.१० मिलिमीटरने वाढतो. म्हणून डायलवरचे आकडे सरकण्याचे आहेत की व्यासाचे, हे आधी पाहावे. माप लावले की लॉक स्क्रू आवळून अ‍ॅलन की लगेच काढावी. वजन एका बाजूला असल्याने वेग वाढताच हेड थरथरते. ६० मिलिमीटरच्या भोकाला मिनिटाला २० मीटर कापवेग धरला, तर मिनिटाला सुमारे १०६ फेरे पुरतात. मशीन बंद असतानाच स्पिंडल हाताने एक पूर्ण फेरा फिरवून टूल कुठे अडत नाही ना, हे बघावे. डोळ्यांवर चष्मा हवा, हातांत मोजे नकोत. भोक मोजायचे किंवा ब्रशने चूर काढायचा, तर ते स्पिंडल पूर्ण थांबल्यावरच.