कोपर सुजलंय? चोळू नका, आवळून बांधू नका!

पालकहो, शिक्षकहो, आजी-आजोबांनो,

सुट्टीत मुलं झाडावरून, झोपाळ्यावरून, सायकलवरून पडतात. पडताना हात पुढे टेकतो आणि कोपराच्या जरा वर दंडाचं हाड मोडतं. पाच ते सात वर्षांच्या मुलांत हे जास्त आढळतं. हाड वेळेत नीट बसवलं, तर बहुतेक मुलांचं तीन-चार आठवड्यांत जुळतं. पण सुरुवातीच्या तासांत झालेली चूक जन्मभर पुरते.

या हाडाला लागूनच हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि नसा जातात. आतून सूज दाबत असते. त्यावर कामट्या लावून आवळलं की रक्त पोचत नाही. सहा तासांच्या आसपास स्नायू कायमचे निकामी होऊ लागतात, पुढे बोटं आत वळून आखडतात. रिखार्ड फॉन फोल्कमान या जर्मन शल्यविशारदाने १८८१ मध्येच घट्ट बांधणीचा हा धोका सांगितला होता.

‘वाढत्या वयात सरळ होईल’ यावर विसंबू नका. दंडाच्या हाडाची जेमतेम २० टक्के वाढ कोपराकडून होते; वाकडा जुळलेला हात सहसा वाकडाच राहतो. कोपराच्या बाहेरच्या बाजूचं हाड मोडलं, तर वरून नुसती सूज दिसते. ते न जुळता राहिलं, तर कित्येक वर्षांनी करंगळी बधिर होऊन हाताची पकड जाऊ शकते. म्हणून एक्स-रे काढाच.

एवढं करा

- हात आहे त्याच स्थितीत ओढणीच्या झोळीत ठेवा. ओढू नका, सरळ करू नका.
- खायला-प्यायला देऊ नका. भूल द्यावी लागू शकते.
- लगेच हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.
- प्लास्टर निघाल्यावर मालिश नको. आखडलेलं कोपर रोजच्या हालचालीने हळूहळू मोकळं होतं.

हाडवैद्यांनाही हात जोडून विनंती : लहान मुलाचं सुजलेलं कोपर बांधू नका, तसंच रुग्णालयात पाठवा.

आणि प्लास्टर घातल्यावर रात्री मूल कळवळत असेल, औषधानेही दुखणं थांबत नसेल, बोटं गार किंवा पांढरी पडली असतील, सरळ करताना ते किंचाळत असेल, तर त्याला गप्प करू नका. त्याच पावली रुग्णालय गाठा. सकाळपर्यंत थांबू नका.