गाळ उपसा, पण तलावाच्या मुखावरचं गवत राखा



2017 साली शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात गाळ काढण्याचं मोठं काम झालं. ते चांगलंच झालं. पण उपसलेला तलाव पुन्हा भरतो कशाने, हे कोणी विचारत नाही. मशीन उतरतं आणि नाला जिथे तलावात शिरतो तिथलं पाणकणीस, पाणगवत सारं खरडून नेतं. आमचा विरोध याला आहे.

हिशेब साधा आहे. माती वाहून नेते ती पाण्याची धाव. गवताच्या दाट काड्यांत पाणी शिरलं की धाव मोडते आणि माती खाली बसते. एक मीटर उभ्या पाण्यात बारीक रेती दोन-तीन मिनिटांत तळ गाठते. चिकणमातीच्या सुट्या बारीक कणाला मात्र सुमारे तीन दिवस लागतात. आपली कपाशीची काळी जमीन म्हणजे बहुतेक चिकणमातीच. मुखावर अडवणारं काही नसलं तर ती थेट तलावाच्या पोटात जाते आणि तळाला लिंपण घालते. 1972 च्या दुष्काळापासून गावोगाव पाझर तलाव झाले. त्यांचा तळ लिंपला गेला तर पाणी दिसतं, पण विहिरीला पाझर येत नाही. ते पाणी उन्हच पिऊन टाकतं.

हेच गवत चारीत वाढलं तर मात्र वैरी. चारीचा खरखरीतपणा दुप्पट झाला की तेवढ्याच उताराला, तेवढ्याच खोलीला पाणी निम्मंच वाहतं. वर गाळ साचतो तो वेगळाच. शेपटाकडच्या शेतकऱ्याचा हरभरा मग कोरडाच राहतो. म्हणजे गवत कुठे आहे, यावर सारं आहे.

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव भागातल्या ढिवर बायांनी तलावातली बेशरम उपटली आणि पाण्याखालच्या देशी वनस्पती लावल्या. त्यांना मासळी हवी होती. पण तलावात काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे गावाला ठरवता येतं, हे त्यांनी दाखवलं. आपले तलाव उन्हाळ्यात आटतात, म्हणून आपल्याला मुळं धरून राहणारं काठाचं गवतच उपयोगाचं.

तेव्हा येत्या ग्रामसभेत चार गोष्टी ठरावात लिहून घ्या :

1. गाळ काढण्याच्या अंदाजपत्रकात मुखावरचा गवताचा पट्टा राखून ठेवावा.
2. त्या पट्ट्यात साचलेला गाळ आलटून-पालटून, एका वर्षी अर्धाच काढावा. तो आपल्याच बांधावरून गेलेला, म्हणून पहिला हक्क लहान कोरडवाहू शेतकऱ्याचा.
3. बेशरम मुळासकट काढावी.
4. जिथे कालव्याचं पाणी आहे तिथे रब्बीचं पहिलं आवर्तन सुटण्याआधी चाऱ्या साफ झाल्याच पाहिजेत.

मशीनचं बिल घनमीटरवर निघतं. गवत राखल्याचं बिल कोणी काढत नाही, म्हणून ते राखलं जात नाही. ते आपल्यालाच राखावं लागेल. माती आपली, विहीरही आपलीच.