यंत्राला हार, माणसाला काय?

मागे एका दसऱ्याला मी सुरतेत होतो. माझी मेहुणी तिथे पर्वत पाटियाला राहते. कापड मार्केटांचा हा भाग. जवळच्या लिंबायत, डिंडोलीकडे वळलात की पोटासाठी खानदेशातून आलेली मराठी माणसे जागोजाग भेटतात.

मेहुणीच्या घरासमोर गटारासाठी खोदकाम चालू होते. सकाळी पोकलेनला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, मलाही पेढा मिळाला. बरे वाटले. आपल्या गोव्यातही दसऱ्याला बसपासून कारखान्यातल्या यंत्रापर्यंत सगळ्यांची पूजा होते. आमच्या ऑफिसात तर संगणकालाही फूल वाहतात!

पूजा झाली आणि काम सुरू झाले. पोकलेन गर्रकन वळले. त्याच्या मागचा वजनदार भाग आणि कुंपणाची भिंत यांच्यामधून एक पोरगा डोक्यावर घमेले घेऊन चालला होता. कोणीतरी ओरडले, "सरक रे!" पोरगा सरकला. वीतभर अंतराने वाचला. ऑपरेटर खाली उतरला तेव्हा थरथरत होता. म्हणाला, "मागचं दिसतच नाही, साहेब."

ही गोष्ट काही गुपित नाही. डंपर मागे घेताना मागचे दिसत नाही. क्रेनच्या पायाखालची माती खचली तर ती कलंडते. म्हणून वळणाऱ्या यंत्राभोवती दोरी बांधायची, इशारा द्यायला एकच माणूस नेमायचा, लटकत्या वजनाखाली कोणी थांबायचे नाही. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली कायदा झाला, १९९८ साली केंद्राचे नियम आले. उचल यंत्रांची तपासणी त्यात लिहिलेली आहे. कागदावर काहीच कमी नाही, हे मी कारकून असल्यामुळे खात्रीने सांगतो. सुरक्षेच्या रकान्यात 'होय' लिहायला अर्धे मिनिटही लागत नाही.

आणि मग १ ऑगस्ट २०२३ उजाडतो. शहापूरजवळ सरळांबे इथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम रात्री चालू असताना गर्डर बसवणारे अजस्र यंत्र कोसळले. २० माणसे गेली. राज्य सरकारने प्रत्येकी ५ लाख, केंद्राने २ लाख जाहीर केले. मदतीची फाईल आपल्याकडे झटपट हलते. दोरीची, इशारेवाल्याची फाईल मात्र कोणी उघडत नाही. खुद्द सुरतेत ऑगस्ट २०२४ मध्ये मेट्रोच्या कामावरची क्रेन नाना वराछा भागात एका बंगल्यावर पडली. जीवितहानी झाली नाही, हे नशीब. पण नशीब म्हणजे काही सुरक्षाव्यवस्था नव्हे.

आपणही यातून सुटत नाही. गावात जेसीबी आला की पोरांना खांद्यावर घेऊन आपण बघायला उभे राहतो, तेही अगदी त्याच्या हाताच्या टप्प्यात!

माझे म्हणणे एवढेच. देवळात गेलो की आपण प्रदक्षिणा घालतो. तशी रोज सकाळी चावी फिरवण्याआधी ऑपरेटरने यंत्राभोवती एक प्रदक्षिणा घालावी. मागे कोण आहे, खाली काय आहे, वर विजेची तार आहे का, ते बघावे. ठेकेदाराने त्याला तेवढी पाच मिनिटे द्यावीत, आणि इशारेवाल्याचा रोज वाचवू नये.

हार वर्षातून एकदा घातला तरी चालेल. प्रदक्षिणा रोज हवी.