वेदी आणि छावणी

‘राजकारणाने देशाची दोन शकले केली आहेत आणि ती सांधणे आता कोणाच्याही हाती राहिलेले नाही,’ असे उद्गार सुशिक्षित मंडळींच्या तोंडून हल्ली वारंवार ऐकू येतात. मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात, लग्नमंडपात, एवढेच काय, अंत्यविधीहून परतताना देखील हीच भाषा कानी पडते. या उद्गारात दुःख कमी आणि सोय अधिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. रोग असाध्य ठरविला की वैद्याकडे जाण्याचे कष्ट वाचतात. शिवाय तो पसरविण्यात आपला हात किती, हा प्रश्नही स्वतःला विचारावा लागत नाही. हे मत किती पोकळ आहे, ते ऑस्ट्रिया या छोट्या, परंपरेने कॅथलिक देशाच्या इतिहासाने दाखवून दिले आहे. त्या इतिहासात ख्रिस्तसभेची लाजही आहे आणि शहाणपणही. म्हणूनच तो आपण वाचला पाहिजे.

१९१८ साली तेथे प्रजासत्ताक स्थापन झाले तेव्हा समाज जणू तटबंदी घालूनच उभा होता. एका बाजूला ग्रामीण, धर्मनिष्ठ ख्रिस्ती सामाजिक पक्ष. दुसऱ्या बाजूला व्हिएन्नाच्या कामगारांचा सोशल डेमोक्रॅट पक्ष. शिवाय जर्मन राष्ट्रवाद्यांचा तिसरा, लहान गट. या गटांना तेथील लोक ‘छावण्या’ म्हणत, आणि तो शब्द अगदी यथार्थ होता. वर्तमानपत्र, व्यायामशाळा, गायनमंडळ, सारे काही ज्याच्या त्याच्या छावणीचे. मरणही त्यातून सुटले नाही. १९२२ साली व्हिएन्नाच्या समाजवादी नगरपालिकेने दहनगृह उघडले. त्या काळी ख्रिस्तसभेला दहन मान्य नव्हते. त्यामुळे माणूस पुरला जातो की जाळला जातो, यावरून त्याचा पक्ष ओळखू येऊ लागला.

अशा देशाचे चॅन्सेलरपद १९२२ ते १९२४ आणि १९२६ ते १९२९ अशी दोनदा एका कॅथलिक धर्मगुरूने भूषविले. इग्नात्स सायपेल हे नीतिशास्त्राचे प्राध्यापक. बुद्धिमान, साधे राहणारे, स्वतःसाठी एक कवडीही न घेणारे. कोसळलेले चलन त्यांनी सावरले, याविषयी दुमत नाही. परंतु १९२७ च्या जानेवारीत शाटेनडोर्फ गावी उजव्या गटाच्या माणसांनी केलेल्या गोळीबारात एक माजी सैनिक आणि एक लहान मूल ठार झाले. जुलैमध्ये आरोपी निर्दोष सुटले. संतप्त जमावाने व्हिएन्नाचे न्यायमंदिर पेटविले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि ऐंशीहून अधिक निदर्शक मृत्युमुखी पडले. त्या वेळी संसदेत क्षमेचा सूर काढण्यास या धर्मगुरूने नकार दिला. राज्यकर्ता म्हणून कदाचित त्यांचा नाइलाज असेल. पण कामगारांच्या डोळ्यांपुढे गोळीबाराचे समर्थन करणारा माणूस झगा घालून उभा होता. त्यानंतर हजारो कामगारांनी ख्रिस्तसभेचा राजीनामा दिला. त्यांनी देवाला सोडले, असे आपण म्हणतो. देव एका पक्षाचा सभासद झाला आहे अशी त्यांची समजूत कोणी करून दिली, हे मात्र आपण विचारत नाही.

पुढचा उतार सरळ होता. मार्च १९३३ मध्ये डॉलफुस यांनी संसद गुंडाळली. १२ फेब्रुवारी १९३४ रोजी यादवी पेटली. कार्ल-मार्क्स-होफ या कामगारांच्या वसाहतीवर, बायकामुले आत असताना, तोफा डागण्यात आल्या. म्युनिखराइटर नावाच्या जखमी कामगार कार्यकर्त्याला स्ट्रेचरवरून फाशीच्या खांबाकडे नेण्यात आले. त्याच वर्षीच्या १ मे रोजी सर्वसमर्थ परमेश्वराच्या नावाने आरंभ होणारी राज्यघटना जाहीर झाली आणि व्हॅटिकनशी झालेला करारही अमलात आला. एका छावणीचा संपूर्ण विजय झाला होता. तो विजय चार वर्षे टिकला. डॉलफुस यांचा खून नाझींनी त्याच वर्षी जुलैमध्ये केला, आणि मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला तेव्हा देशाच्या रक्षणासाठी एकत्र उभे राहतील असे दोन गट उरलेच नव्हते.

१ एप्रिल १९३८ रोजी व्हिएन्नाहून डाखाउच्या छळछावणीकडे कैद्यांची पहिली आगगाडी सुटली. तिच्यात कॅथलिक शेतकऱ्यांचे नेते लेओपोल्ड फिगल होते, तसेच समाजवादी रॉबर्ट डानेबर्गही होते. चार वर्षांपूर्वी एकमेकांना तुरुंगात घालू पाहणारे आता एकाच डब्यात बसले होते.

युद्ध संपल्यावर जे घडले, ते आपल्या निराशावादी मित्रांनी बारकाईने पाहावे. नोव्हेंबर १९४५ च्या निवडणुकीत फिगल यांच्या पीपल्स पार्टीला १६५ पैकी ८५ जागा मिळाल्या. स्वच्छ बहुमत होते. एकट्याने राज्य करण्यास संख्याबळाची अडचण नव्हती. तरीही फिगल यांनी ७६ जागा मिळविणाऱ्या समाजवाद्यांना मंत्रिमंडळात घेतले आणि ही भागीदारी १९६६ पर्यंत चालली. १९५७ पासून मालक, कामगार, शेतकरी आणि सरकार यांचे प्रतिनिधी भाव आणि मजुरी यांविषयी एकाच मेजाभोवती बसून निर्णय घेऊ लागले. त्यांची मते एक झाली नव्हती. समोरचा माणूसही या देशाचा मालक आहे, एवढे त्यांनी मान्य केले होते.

यावर कोणी म्हणेल, ‘ही किमया डाखाउची. यातना भोगल्या की माणसे शहाणी होतातच.’ हे खरे नाही. स्पेनने १९३६ ते १९३९ या काळात काय थोड्या यातना भोगल्या? तेथे हजारो धर्मगुरू आणि व्रतस्थ मारले गेले. परंतु विजयी फ्रँकोने पराभूतांना बाकावर जागा दिली नाही. तुरुंग आणि वधस्तंभ दिले, आणि देश १९७५ पर्यंत दुभंगलेलाच राहिला. यातना दोन्ही देशांत होत्या. फरक पडला तो जिंकणाऱ्याच्या निर्णयाने. ऑस्ट्रियाच्या मानेवर तेव्हा चार परकीय सत्तांचे सैन्य बसले होते, त्या भीतीचाही वाटा आहेच. पण भीतीने माणसे एकत्र बसतील. वीस वर्षे बसून राहण्यासाठी निश्चय लागतो.

त्या निश्चयात ख्रिस्तसभेने आपला वाटा उचलला, आणि तो वाटा माघारीचा होता. १९४५ मध्ये तेथील बिशपांनी धर्मगुरूंना राजकीय पदांकडे परत जाऊ दिले नाही. १९५२ च्या मारियात्सेल जाहीरनाम्याने मुक्त समाजातील मुक्त ख्रिस्तसभेचा पुरस्कार केला. कार्डिनल फ्रान्झ क्योनिग १९७३ मध्ये कामगार संघटनेच्या मंडळापुढे जाऊन बोलले. ज्या कामगारांवर एकेकाळी ‘आपल्या’ सरकारने तोफा डागल्या, त्यांच्या दारी ख्रिस्तसभा पाहुणी म्हणून गेली. याचा अर्थ कार्डिनलांनी तत्त्व विकले असा नव्हे. १९७५ पासून अमलात आलेल्या समाजवाद्यांच्या गर्भपातविषयक कायद्याला त्यांनी ठाम विरोध केला. कायदा बदलला नाही; पण संवादही तुटला नाही. सत्यासाठी भांडणे आणि माणसाला शत्रू ठरविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपले कर्तव्य आहे, दुसरी पाप आहे.

हे चित्र सोन्याने मढविण्याची गरज नाही. त्या सलोख्याची किंमत जबर होती. नोकऱ्या आणि घरे पक्षाच्या ओळखपत्रावर वाटली गेली. त्याहून गंभीर म्हणजे, १९४९ मध्ये पूर्वीच्या नाझी सभासदांना मतदानाचा हक्क परत मिळताच दोन्ही पक्ष त्यांच्या मतांमागे धावले आणि ज्यू बांधवांवरील अत्याचारांतील ऑस्ट्रियनांच्या सहभागावर पांघरूण पडले. चॅन्सेलर फ्रानित्सकी यांनी संसदेत ती जबाबदारी मान्य केली ती थेट १९९१ मध्ये. दोघांनी मिळून तिसऱ्याचे दुःख गाडले, तर त्याला सलोखा म्हणू नये. शिवाय ही कमाई कायमची नसते. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत तो देश पुन्हा जवळजवळ निम्मानिम्मा विभागला. २०२४ मध्ये अतिउजवा पक्ष पहिल्या क्रमांकावर आला, आणि २०२५ मध्ये तीन पक्षांना एकत्र येऊन सरकार बनवावे लागले. सलोखा प्रत्येक पिढीला नव्याने कमवावा लागतो.

आता आपल्याकडे वळू. आपल्यात दोन मते प्रबळ आहेत. एक म्हणते, समाजाची सगळी मते एका पक्षाच्या पदरात टाका आणि धर्मगुरूंनी तसे वेदीवरून सांगावे. दुसरे म्हणते, राजकारण म्हणजे चिखल. त्याचे नावही चर्चमध्ये काढू नका. मला दोन्ही अमान्य आहेत. पहिल्या मार्गाचा शेवट सायपेल यांच्या व्हिएन्नात आपण पाहिला. १९८३ ची धर्मसंहिता धर्मगुरूला सत्तेचे पद निषिद्ध ठरविते, ते उगाच नव्हे. दुसरा मार्ग अधिक सभ्य दिसतो, पण त्याने अन्याय पाहून गप्प बसण्याची सवय लागते. ख्रिस्तसभेने पक्षापासून दूर राहावे. जमीन, पाणी, मजुरी आणि माणसाची प्रतिष्ठा यांपासून नव्हे.

प्रभू येशूने निवडलेल्या बारा जणांत सत्ताधाऱ्यांसाठी कर वसूल करणारा मत्तय होता आणि जिलोट म्हणून ओळखला जाणारा शिमोनही होता. त्या दोघांत राजकीय एकमत झाले, असे शुभवर्तमान कोठेही सांगत नाही. ते एका मेजावर जेवले, एवढे मात्र निश्चित.

देशाची दुही मिटेल काय, हा प्रश्न दिल्लीला विचारण्यापूर्वी आपल्या धर्मग्रामाला विचारावा. गेल्या निवडणुकीपासून ज्या शेजाऱ्याशी आपण अबोला धरला आहे, त्याच्या घरच्या बारशाला आपण जाणार आहोत काय? आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीत बहुमत मिळाल्यावर विरुद्ध गटाच्या माणसाला खुर्ची देणार आहोत काय? फिगल यांच्यापाशी ८५ जागा होत्या आणि त्यांनी खुर्ची दिली. ती देण्यापूर्वी त्यांच्या देशाला तोफा आणि छळछावणी पाहावी लागली. आपण तोवर थांबावे काय?